बेळगावहून स्कूबाचा कोर्स: पाडी, एसएसआय आणि परतीचा घाट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी मालवणला जातात, काही मिनिटं पाण्याखाली राहतात, माशांसोबतचा व्हिडिओ घेतात आणि घरी येऊन ‘स्कूबा केलं’ म्हणतात. मजा म्हणून ठीकच. पण त्यात वर-खाली होण्यासाठीच्या जॅकेटमधली हवा भरायची-सोडायची ती गाइडनं, आपण फक्त श्वास घ्यायचा. सोबत्याबरोबर 18 मीटरपर्यंत स्वतःच्या भरवशावर उतरता येईल असं कार्ड हवं असेल, तर तीन-चार दिवसांचा ‘ओपन वॉटर’ कोर्स करावा लागतो. आणि मग प्रश्न येतो, पाडी घ्यावं की एसएसआय?

दोन्ही डाइव्हिंगचे कोर्स चालवून कार्ड देणाऱ्या संस्था, मूळच्या अमेरिकेतल्या. पाडी 1966 ची, एसएसआय 1970 ची. दोघींचा ओपन वॉटर कोर्स एकाच आंतरराष्ट्रीय (आयएसओ) मानकात बसतो, खोलीची मर्यादा सारखी आणि वयाची किमान अट 10 वर्षं. पाडीचं कार्ड एसएसआयच्या सेंटरवर चालतं, एसएसआयचं पाडीच्या. ‘आमचंच कार्ड जगभर चालतं’ असं कुणी छातीठोक सांगू लागला की तो माल विकतोय असं समजा. नावी, सीमास या इतर संस्थांचेही कोर्स चांगले असतात, पण आपल्या किनाऱ्यावर बहुधा याच दोघींपैकी एक समोर येते.

खरा फरक एक आहे, आणि तो कामाचा आहे. पाडीचा प्रशिक्षक स्वतंत्रपणेही शिकवू शकतो. एसएसआयचा एखाद्या सेंटरशी जोडलेला असावा लागतो. म्हणून पाडीकडे जाताना माणूस तपासा. त्याचा सदस्य क्रमांक मागून घ्या आणि पाडीच्या साइटवर त्याला सध्या शिकवायची परवानगी आहे का ते बघा. क्रमांक द्यायला आढेवेढे घेतले तर विषय तिथंच संपला. एसएसआयकडे जाताना सेंटरचीच चौकशी आधी: बोट कशी आहे, ऑक्सिजन किट असतो का, सामानाची देखभाल कोण करतं.

आता शिकवणाऱ्याबद्दल, कारण माझ्या मते सगळं इथंच ठरतं. फोनवर तीन गोष्टी विचारा. समुद्रात एका प्रशिक्षकामागं किती जण? पाडीचा नियम जास्तीत जास्त आठ सांगतो, पण नवख्यांना चार म्हणजे पुष्कळ झाले. पोहण्याच्या तलावात शिकवणारा आणि समुद्रात नेणारा एकच का? आणि मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं मला जमलंच नाही तर? यावर ‘काही होत नाही, करून देतो’ म्हणणारा आणि ‘जमेपर्यंत खोल नेणार नाही, लागलाच तर एक दिवस वाढेल’ म्हणणारा, यांत दुसरा हजार-दोन हजारांनी महाग असला तरी तोच घ्या. वर येताना श्वास रोखायचा नाही, हा पहिला नियम. 10 मीटरवर घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट होते, फुफ्फुसं फाटू शकतात. हे ज्याला तुमच्या भाषेत नीट पटवून देता येत नाही त्याच्यामागं पाण्यात जाऊ नये. थिअरी बहुतेक ठिकाणी इंग्रजीत, मोबाइलवर असते. मराठी माध्यमातल्यांनी प्रशिक्षक शेजारी बसून समजावणार का, हे आधीच विचारून घ्यावं.

मेडिकल फॉर्म खरा भरा. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती बेळगावातच घेऊन निघावं. बोटीवर ‘नाही’ला टिक करायला लावणारे भेटतात. पोहण्याची परीक्षा मात्र सोपी: 200 मीटर न थांबता, वेळेचं बंधन नाही, आणि 10 मिनिटं तरंगणं. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेल्यांनी अजिबात घाबरू नये.

जागा मालवण-तारकर्ली की नेत्राणी? मालवण जवळ, बोलणं मराठीत, पाणी उथळ. पण अनेकदा गढूळ. नेत्राणी बेट मुर्डेश्वरपासून सुमारे 19 किलोमीटर आत. बोट लागणाऱ्यांचे हाल होतात, पण पाणी सहसा जास्त नितळ आणि खडकांत मासळी भरपूर. तिथं कन्नड-हिंदीवर काम चालतं, ते आपल्याकडच्यांना काही जड नाही.

या दोन्ही वाटांवर पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात न येणारी गोष्ट म्हणजे घाट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो. लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डाइव्हनंतर विमानात बसण्यासाठीचा नियम सुमारे 600 मीटरच्या वरच्या रस्त्यालाही लावतात: एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास थांबायचं, अनेक असतील तर 18. म्हणजे रविवारी दुपारी शेवटची डाइव्ह आणि रात्री आंबोलीमार्गे घरी, हे जमायचं नाही. मुर्डेश्वरहून आरबैल घाट चढून हुबळीमार्गे येणाऱ्यांनाही तेच. ‘परत कधी निघणार?’ असं आपणहून विचारणारा प्रशिक्षक माझ्या लेखी कार्डावरच्या कुठल्याही शिक्क्यापेक्षा मोठा.

मला निवडायचं झालं तर थिअरी आणि तलावातला सराव मालवणात मराठीत करून समुद्रातल्या चार डाइव्ह नेत्राणीला करीन. पाडीत याला रेफरल म्हणतात, आणि तो 12 महिने चालतो. दोन्हीकडचे पैसे धरून खर्च थोडा वाढतो. घाई असेल तर सरळ मालवण. पावसाळ्यात दोन्हीकडे बंद. बोलणी सप्टेंबरातच करून ठेवा, डिसेंबरच्या सुट्टीत प्रशिक्षकांना धड फोन घ्यायलाही उसंत नसते.