परसातली पाखरं बघायची, तर कुत्रा कुठे ठेवायचा: बाल्कांवात, लांब दोरीवर की खिडकीआड?

घराभोवती चार माड, एखादा फणस, जास्वंद आणि गडग्यालगत थोडं रान असलं, तर गोव्यात बघायला पुष्कळ येतं. भारद्वाज, दयाळ, तांबट, शिंजीर, चानी (खार), मुंगूस, बऱ्याच गावांत मोरही. मात्र कुत्र्याला मोकळा सोडून यातलं काही दिसत नाही, म्हणून तो पर्याय आधीच बाद. दयाळाची पिलं उडायला शिकताना दिवस-दोन दिवस जमिनीवर असतात, लांडोर तर अंडीच जमिनीवर घालते. शिवाय मोर आणि घोरपड दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘आमचा काही करत नाही हो’ हे घोरपडीला ठाऊक नसतं.

उरतात तीन पर्याय.

बहुतेक घरांना बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, पुरतो. दीड-दोन मीटरचा पट्टा, छातीवरून जाणारा हार्नेस, खाली रोजची एकच चटई आणि शक्यतो रोजची तीच वेळ: उजाडल्यापासून आठपर्यंत किंवा पाचनंतर दिवेलागणीपर्यंत. एकाच जागी बसलेल्या माणसाला आणि कुत्र्याला पाखरं हळूहळू सरावतात. सहा मीटरवर, मीटरभर उंच खांबावर पसरट भांडं ठेवून त्यात ४-५ सेंटीमीटर पाणी घालावं. ते रोज बदलायचं, नाहीतर पाखरांआधी डास येतील. दाणे जमिनीवर टाकू नयेत. दाण्यांमागून उंदीर येतात आणि उंदरांमागून नाग-धामण.

कुत्र्याला शिकवायचं एवढंच: पाखरू दिसलं, त्याने तुमच्याकडे वळून पाहिलं, की लगेच हरभऱ्याएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. तुकडा नाकाशी धरूनही तो घेत नसेल, तर तो हट्टी नाही, पाखराच्या फार जवळ आहे. दोन-तीन मीटर मागे सरकायचं. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. पुढे त्याचे कान तुमच्या उपयोगी पडतात. पालापाचोळ्यातलं मुंगूस तुमच्या आधी त्याला कळतं.

हा पर्याय फसतो तो जागेमुळे. बाल्कांव असतो रस्त्याच्या अंगाला. सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत येतो, शेजारचा कुत्रा जातो, स्कूटर जाते. पाखरू पाण्यावर उतरायला आणि आपला भुंकायला एकच गाठ पडते. उपाय सोपा आहे: मागच्या दारी बसावं. मोरीचं पाणी आणि केळीचं बन तिथेच असल्याने जास्त प्राणीही तिकडेच येतात.

लांब दोरी घ्यावी ती ज्याचा कुत्रा एका जागी टिकत नाही आणि ज्याचं परस मोठं किंवा कुळागर (पोफळी-नारळाची बाग) आहे त्याने. दहा मीटर, ८-१० मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी बरी. सुती दोरी दवाने भिजून जड होते. आपोआप गुंडाळणारा पट्टा नको, त्याची बारीक दोरी बोटं कापते. दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच लावावी. गळपट्ट्याला लावली, तर धाव घेतलेल्या कुत्र्याच्या मानेला शेवटी मोठा हिसका बसतो. हाताला वेढे घेऊ नयेत, माडाला बांधून ठेवू नये. आणि बसताना वर बघावं: नारळ पडायच्या आधी सांगत नाही.

दोरीचा हंगाम नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात तीच दोरी घात करते. रान वाढतं, गोचिडी वाढतात, बिळांत पाणी शिरून साप वर येतात. चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) ढीग आणि चिऱ्यांची रास या घोणशीच्या आवडत्या जागा आहेत. तिचा फुत्कार ऐकून कुत्रा मागे न सरता पुढे जातो आणि दंश नाकावर किंवा पुढच्या पायाला होतो. अशा ढिगांपासून दोरीच्या लांबीहून जास्त अंतर हवं. दंश झालाच तर कापाकापी, आवळपट्टी काही करू नये. कुत्र्याला न चालवता उचलून थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं. भेक (खरबरीत कातडीचा बेडूक) तोंडात धरला तर फेस येतो. तोंड खाली झुकवून बाजूने पाण्याची धार ५ ते १० मिनिटं सोडावी, पाणी घशात जाऊ देऊ नये, हिरड्या ओल्या फडक्याने पुसाव्या. झोकांड्या किंवा आकडी दिसली तर डॉक्टर गाठावा.

खिडकी हा पर्याय बीगल, डॅशंड अशा शिकारी रक्ताच्या कुत्र्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी आणि भर पावसाच्या दिवसांसाठी. काचेमागून सतत भुंकत असेल, तर काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला धुरकट कागद लावावा. चानी दिसते पण गाठता येत नाही, या चिडीनेच तो बिघडतो. सत्तरी, सांगे, काणकोणकडच्या रानालगतच्या घरांत अंधार पडल्यावर हाच एक पर्याय. तिथे बिबटा कुत्र्यासाठी अंगणात येतो आणि साळिंदराचे काटे तोंडात रुतले की भूल दिल्याशिवाय निघत नाहीत.

निवडायचंच तर वर्षभरासाठी मागच्या दारची चटई. दोरी कोरड्या महिन्यांत, आठवड्यातून दोनदा, तीही चटईवर नीट बसायला लागल्यावरच. बाहेरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांच्या आत आणि हार्नेसखाली गोचिडी तपासाव्या. सापडली तर चिमटा कातडीलगत धरून सरळ ओढावी, पिरगळू नये. रेबीजची लस चालू असल्याची खात्री आधीच करून घ्यावी, कारण मुंगसालाही रेबीज होऊ शकतो.