ब्राह्मी की अश्वगंधा? माझं पारडं कुठे झुकलं

पहाटे तीनला टक्क जाग, छातीत धडधड, आणि डोक्यात उद्याच्या मीटिंगचं दळण. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून झालंय असं धरतो. नसेल तर आधी ते उरका. थायरॉइड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते. माझे रिपोर्ट नॉर्मल आले आणि डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं. ते अजून चालू आहे. खालचं सगळं त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

सुरुवात ब्राह्मीने केली. नाव सात्त्विक, आजीच्या तेलाच्या बाटलीपासून ओळखीचं. रविवार पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून पावडर आणली, महिनाभर घेतली. पोट जरा सैल राहिलं, पण मन थोडं निवल्यासारखं वाटलं. पुढची पुडी दुसऱ्या दुकानातून आणली तर रंग वेगळा, चव वेगळी. म्हटलं, ताजी पानंच आणू. मंडईत एका मावशींकडे जुडी मिळाली: गोल पानं, कडा कातरलेली, छोट्या कमळाच्या पानासारखी. आठवड्याने एका नर्सरीतून ब्राह्मीचं रोप आणलं, तर त्याची पानं बारीक, जाडसर, थेट घोळीच्या भाजीसारखी! दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. गोल पानांची ती मंडूकपर्णी. घोळीसारखी ती जलब्राह्मी, वनस्पतिशास्त्रातली बाकोपा. दोन्ही आपापल्या जागी थोर आहेत. चरकांच्या चार मेध्य (म्हणजे बुद्धीला पोषक) रसायनांत मंडूकपर्णी आहेच. पण झाडं दोन आणि पाटी एकच. पहिल्या दुकानात जाऊन विचारलं, ‘‘यातली नेमकी कुठली?’’ उत्तर आलं, ‘‘ब्राह्मी म्हणजे ब्राह्मीच. घ्यायचीय का?’’

तिथे माझं मन उडालं. आधीच शंकेखोर स्वभाव, त्यात औषधाचीच शंका. रात्री चमचा तोंडात घालताना ‘आज कुठली असेल’ हा नवा घोर लागला. ज्यांच्या कुंडीत खात्रीची जलब्राह्मी आहे किंवा ओळखीचे वैद्य आहेत, त्यांना ही अडचण येणार नाही. शिवाय तिचा अभ्यास जास्त झालाय तो स्मरणशक्तीसाठी, तोही साधारण 12 आठवडे घेऊन. घाईवाल्यांचं ते काम नाही.

अश्वगंधेत निदान मूळ कुठलं हा वाद नाही. ताणावर तिच्या बऱ्यापैकी चाचण्या झाल्यात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 64 जण होते. निम्म्यांना मुळाचा अर्क 300 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, 60 दिवस दिला. त्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक, दोन्ही उतरले. चाचणी लहान आहे, आणि अर्क म्हणजे आपलं चूर्ण नव्हे, हे लक्षात असू द्या. माझा अनुभव एवढाच, की तिसऱ्या आठवड्यापासून पहाटे तीनची जाग पाचवर गेली. समुपदेशनाचाही त्यात वाटा असणार, नाही म्हणत नाही.

सकाळी मात्र घेऊ नका. मी घेतली आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला स्कूटरवर पेंगलो. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नसकट उद्धार केला. तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘सोम्निफेरा’चा अर्थच झोप आणणारी.

आणि ती सगळ्यांसाठी नाही. गरोदरपणी नको. थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, यकृताची तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. यकृताला इजा झाल्याच्या काही नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. घ्यायचं ते मूळ. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये औषध कंपन्यांनाही सांगितलंय.

माझं म्हणाल तर रात्री जेवणानंतर एक लहान चमचा चूर्ण. थेट दुधात टाकलं तर गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या तुपात कालवायचं, मग वरून कोमट दूध. दोन-तीन महिने घेऊन मध्ये खंड पाडतो. वासाचं काय, नावातच घोडा आहे. पातेलं दोनदा घासलं तरी जात नाही. घरच्यांनी आता एक जुनं पातेलं माझ्या नावावर करून दिलंय.