केगला हीटर बसवायचा: चेकनट, डाख की टिग वेल्डिंग?

घरगुती ऊर्ध्वपातनासाठी, म्हणजे शुद्ध पाणी, फुलांचा अर्क किंवा सुगंधी तेल काढण्यासाठी, 50 लिटरचा स्टीलचा केग (बिअरचं पिंप) हे उत्तम भांडं आहे. पत्रा 304 ग्रेडचा, साधारण दीड मिलिमीटर जाड असतो आणि गंजत नाही. (दारू गाळणं बहुतेक देशांत परवान्याशिवाय गुन्हा आहे. शिवाय मद्यार्काची वाफ ठिणगीने पेटते. इथे विचार फक्त पाण्याच्या वाफेचा आहे.) गॅसऐवजी विजेवर जायचं ठरलं की प्रश्न उरतो हीटर बसवायला केगच्या भिंतीत पाडायच्या भोकाचा. हीटर किती वॅटचा, याची चर्चा लोक तासन्‌तास करतात आणि सांधा मात्र हाताला येईल तसा करतात. खरं तर उलट हवं. हीटर आज ना उद्या जळणारच, आणि त्या दिवशी तो किती वेळात बदलता येईल, हे सांधा ठरवतो.

कुठलाही मार्ग निवडा, आधी केगमधला दाब पूर्ण सोडा. भरलेल्या दाबावर व्हॉल्व्ह काढायला गेलं तर तो तोंडावर उडतो. केग विकत घेतलेला हवा. अनामत भरून आणलेला केग कंपनीच्याच मालकीचा असतो.

चेकनट

बाहेरून हीटर आत घालायचा, षटकोनी डोकं आणि भिंत यांच्यामध्ये ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी कडी) ठेवायची, आतून चेकनट (हीटरच्या आट्यांवर बसणारा पातळ नट) आवळायचा. वेल्डिंग नाही, आग नाही. ऐकायला सगळ्यात सोपं, पण केगच्या बाबतीत इथेच मेख आहे: केगचा गळा जेमतेम 50 मिलिमीटरचा, त्यातून हात आत जात नाही. वरचं तोंड कापून मोठं झाकण बसवलं असेल तरच हा मार्ग खरा.

दुसरी अडचण भिंतीच्या गोलाईची. केगची त्रिज्या 19 सेंटिमीटर धरली, तर 45 मिलिमीटर रुंद गॅस्केटच्या कडेला सुमारे 1.3 मिलिमीटरची फट राहते. सपाट टेफ्लॉनची चकती ही फट भरत नाही, कारण टेफ्लॉन दबतं पण रबरासारखं परत फुगत नाही. जाड, मऊ सिलिकॉनची ओ-रिंग लागते, किंवा मग आत-बाहेर लाकडाचे ठोकळे धरून भोकाभोवतीचा पत्रा सपाट करून घ्यावा लागतो. आवळताना पान्हा चेकनटला लावा, हीटर स्थिर धरा. हीटर फिरवला तर ओ-रिंग पीळ खाते आणि पहिल्याच उकळीला गळते.

आट्यांकडे नीट बघा. बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) ही आट्यांची दोन मापं. एक इंची बीएसपीला इंचात 11 आटे असतात, एनपीटीला साडेअकरा. दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग नट अडकतो. तिथे जोर लावला की दोन्हींचे आटे गेले. चेकनट स्टीलचाच घ्या. जस्ताचा मुलामा असलेला नट गरम पाण्यात काही दिवसांत पांढरा पडतो.

डाख

चांदी मिसळलेली, शिशाविरहित डाख (सांधा जोडायला वितळवायचा मिश्रधातू) 221 अंशांना वितळते. साध्या टॉर्चवर काम होतं आणि केगचा रंगही फारसा बिघडत नाही. पण डाखेची ताकद क्षेत्रफळात असते. सपाट पत्र्यावर फेरूल (कडेला किनार असलेली छोटी नळी, जिच्यावर हीटर बसतो) नुसतं टेकवून डाखलं तर एका धक्क्यात निघतं. म्हणून भोक आधी लहान, 32 मिलिमीटरचं पाडायचं. मग निमुळता ठोकळा दोरीने गळ्यातून आत सोडून बोल्टने बाहेर ओढायचा, म्हणजे भोकाला बाहेरच्या बाजूने ओठ येतो. त्या ओठात 38 मिलिमीटरची फेरूलची नळी घट्ट बसते.

बिघडतं ते फ्लक्समुळे, म्हणजे डाख पसरावी म्हणून धातू साफ करणाऱ्या रसायनामुळे. स्टेनलेसला तीव्र आम्लाचा फ्लक्स लागतो, आणि ज्योत थेट त्यावर मारली की तो करपून काळा होतो. मग डाख पसरत नाही, गोळ्या होऊन गळते. तसं झालं तर पुन्हा घासून पहिल्यापासून सुरुवात करावी, वरून आणखी फ्लक्स ओतून काही सुधारत नाही. काम झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायला विसरू नका. फ्लक्समधली क्लोराइडं राहिली तर स्टीलला टोचे पडतात.

टिग वेल्डिंग

फेरूल टिगने (आर्गॉन वायूच्या आवरणात, विजेच्या ठिणगीने) वेल्ड करून घेणं सगळ्यात खर्चिक, पण ज्यांच्या केगचं तोंड कापलेलं नाही त्यांनी सरळ हेच करावं. आत हात घालावा लागत नाही आणि सांधा केगइतकाच टिकतो. कारागिराला दोन गोष्टी आधीच सांगा: रॉड 308एल (304 ला जुळणारा) हवा, आणि आतून आर्गॉन भरायचा. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने गळ्यातून सोडला की केगच्या तळाशी साठतो. तो भरला नाही तर वेल्डच्या आतल्या बाजूला साखरेसारखा खरखरीत काळा थर येतो. तो घासून निघत नाही आणि गंज तिथूनच धरतो.

डाखेचा असो वा टिगचा, फेरूल लावलं की हीटर ट्राय-क्लॅम्पवर (दोन किनारी एकत्र आवळणाऱ्या कडीवर) बसतो: क्लॅम्प सोडा, हीटर ओढा, गॅस्केट बदला, पाच मिनिटांचं काम. दीड इंची फेरूलच्या आतली वाट साधारण 35 मिलिमीटर असते, दोन इंचीची 47 च्या आसपास. घडी घातलेला लांब हीटर दीड इंचीतून जात नाही, म्हणून भोक पाडण्याआधी हीटर हातात असू द्या.

भोक पाडताना वेग कमी, दाब जास्त, तेल भरपूर. ड्रिल नुसतं फिरत राहिलं की 304 चा पत्रा कडक होतो आणि मग कुठलंच पातं चालत नाही. जागा तळाच्या गोलाईच्या लगेच वर घ्या. केगमध्ये दर सेंटिमीटर उंचीला साधारण 1.1 लिटर पाणी मावतं, म्हणजे हीटर 5 सेंटिमीटर वर गेला की साडेपाच लिटर कायमचे अडकले. हीटर उघडा पडला तर क्षणात जळतो, त्यामुळे शेवटीसुद्धा त्यावर 5 सेंटिमीटर पाणी हवंच. फुलं-पानं वरच्या जाळीत ठेवा. ती हीटरवर पडली की करपतात आणि तो वास अर्कातून जात नाही.

3 किलोवॅट की 5.5?

40 लिटर पाणी 20 वरून 95 अंशांवर न्यायला, उष्णतेची गळती सोडून, 3 किलोवॅटला 70 मिनिटं लागतात आणि 5.5 ला 38. उकळी आल्यावर 3 किलोवॅट तासाला 4.8 लिटर पाणी वाफ करतो. कंडेन्सरलाही (वाफ गार करून पुन्हा पाणी करणाऱ्या भागालाही) तेवढीच उष्णता काढावी लागते, आणि घरगुती कंडेन्सर इथेच दमतो. 230 व्होल्टवर 3 किलोवॅटला 13 अँपिअर लागतात, 5.5 ला 24, म्हणजे स्वतंत्र सर्किट आणि जाड वायर आली. सुगंधी तेलासाठी 3 पुरतो. मोठा घ्यायचाच असेल तर कमी वॅट-घनतेचा (पृष्ठभागाच्या मानाने कमी वॅटचा), लांब नळीचा घ्या. त्यावर क्षार कमी बसतात.

नियंत्रणासाठी तापमानाचा पीआयडी (ठरलेलं तापमान राखणारा नियंत्रक) लावण्यात अर्थ नाही. पाणी उकळू लागलं की कितीही वीज द्या, तापमान तेच राहतं, फक्त वाफ वाढते. हवा आहे तो पॉवर कंट्रोलर, एसएसआर किंवा ट्रायॅकचा (दोन्ही वीज कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच). एसएसआरला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लागतो, आणि तो बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. म्हणून त्याच्या आधी हाताने बंद करता येणारा दोन पोलचा स्विच ठेवा.

अर्थिंगची वायर केगच्या अंगावर बोल्टने घट्ट बसवा, फक्त हीटरच्या आवरणावर नको. सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). नवीन किंवा बरेच दिवस पडून असलेल्या हीटरवर आरसीसीबी पडत (ट्रिप होत) असेल तर दोष बहुधा आत शिरलेल्या ओलाव्याचा असतो. हीटर मंद ओव्हनमध्ये काही तास सुकवून 500 व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोधन मोजणाऱ्या मीटरने) तपासा, रोध एक मेगओहमच्या वर यायला हवा. टर्मिनलवर झाकण हवंच, पण त्याच्या तळाला एक छोटं भोक ठेवा. सांधा पाझरायला लागला तर पाणी आत साठण्याऐवजी तिथून टपकेल आणि वेळेत दिसेल.

वाफेची वाट कुठेही बंद होणार नाही याची खात्री करा. एक लिटर पाण्याची सुमारे 1,670 लिटर वाफ होते. पहिली चाचणी गार पाण्याने रात्रभर, मग एक उकळी, आणि गार झाल्यावर टेफ्लॉनचं गॅस्केट असेल तर क्लॅम्प पाव फेरा पुन्हा आवळा.