कोऱ्या फॉर्मवर सही

तोंडी परीक्षा पार पडली आणि गाईड मॅडम म्हणाल्या, "आता थिसिसमधून एक पेपर काढ." १४० पानं, आणि बसवायची तीन हजार शब्दांत. मी दोनदा लॅपटॉप उघडला, दोनदा मिटला. अशात एका एजन्सीचा मेल आला: फाइल पाठवा, इंडेक्स्ड, म्हणजे संशोधन-सूचीत नोंद असलेल्या, जर्नलमध्ये हमखास छापून देऊ. 'हमखास' वाचूनच थांबायला हवं होतं. समीक्षकांच्या हातून जायच्या लेखाची हमी संपादकसुद्धा देत नाही.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा. "डॉक्टर, तुम्ही पेशंट बघा, पेपर आमच्याकडे लागला." निम्मे पैसे आधीच घेतले. मग कॉपीराइट फॉर्म आला. जर्नलचं नाव कोरं, लेखकांची जागा कोरी. मी सही केली. संमतिपत्रावर पेशंटची सही घेताना ओळ न ओळ वाचून दाखवणारी मी!

चौथ्या दिवशी पेपर 'स्वीकृत'. समीक्षकाचा अभिप्राय एवढाच: उत्तम काम, व्याकरण तपासा. छापून आल्यावर उघडला तर सारांशात रुग्ण ९६, पहिल्या तक्त्यात ८६. ते दहा जण का वगळले, हे सांगणारा परिच्छेद मी सर्वांत जपून लिहिला होता, तोच उडवलेला. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा उल्लेख नाही. मॅडमचं नाव गायब, आणि माझ्या नावापुढे दोन अनोळखी नावं. पुढे त्याच एजन्सीची जाहिरात दिसली: 'स्वीकृत पेपर, दुसरी आणि तिसरी जागा शिल्लक.' तेव्हा उलगडा झाला. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांप्रमाणे लेखक म्हणवायला संशोधनात भरीव वाटा, लेखन किंवा चिकित्सक दुरुस्ती, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाची जबाबदारी, हे चारही लागतं. या दोघांनी बहुधा फक्त पैसे भरले.

'इंडेक्स्ड' म्हणजे निघालं गूगल स्कॉलर. तिथे लेख आपोआप गोळा होतात, जर्नल कुणी पारखून घेत नाही. आयएसएसएन हाही जर्नलचा नुसता आठ अंकी ओळखक्रमांक. जर्नल मेडलाइन या पारखून घेतलेल्या वैद्यकीय सूचीत आहे का, ते एनएलएम, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या, कॅटलॉगमध्ये दोन मिनिटांत दिसतं. ओपन ॲक्सेस, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या, जर्नलांसाठी २००३ पासून डीओएजे ही पारखलेली यादी आहे. मी हे सगळं पाहिलं ते पैसे गेल्यावर.

पेपर काढून टाका म्हटलं, तर त्याचं वेगळं शुल्क. एका चांगल्या जर्नलला सगळी हकीकत कळवली. उत्तर आलं: थिसिस ग्रंथालयात असली तरी आमची हरकत नसते, पण पेपर म्हणून छापून आलेलं पुन्हा छापता येत नाही.

मॅडमना सांगायचं धाडस व्हायला आठवडा गेला. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "उद्दिष्टं किती होती?"

"तीन."

"त्यांनी किती वापरली?"

"पहिलंच."

दुसऱ्या उद्दिष्टाचा प्रश्न खरोखर वेगळा आहे, म्हणून त्यावर आता मीच लिहितेय. आधीच्या पेपरची कबुली कव्हर लेटरमध्ये देणार आहे. स्ट्रोबची, म्हणजे निरीक्षणात्मक अभ्यासाच्या पेपरात काय काय सांगायचं याची, यादी शेजारी ठेवून सर्वांत आधी फ्लोचार्ट काढला: ९६, वगळले १०, उरले ८६.

जुना पेपर अजून तिथेच आहे. त्याखाली पत्रव्यवहारासाठी दिलेला ईमेल माझा नाही. त्या दहा रुग्णांबद्दल कुणी विचारलंच, तर ते पत्र माझ्यापर्यंत येणार नाही.