एफडी करायला गेलो आणि विमा पॉलिसी गळ्यात पडली

पासबुक भरून आणलं तेव्हा खात्यातून ५९० रुपये कापलेले दिसले. पुढे लिहिलं होतं ‘ईसीएस रिटर्न चार्ज’. चार ओळी सोडून खाली पुन्हा ५९०. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘काका, तुमचा तीन लाखांचा हप्ता होता. खात्यात तेवढी रक्कम नव्हती म्हणून दोनदा परत गेला.’’ मी म्हटलं, माझा कसला हप्ता? माझी तर तुमच्याच बँकेत तीन लाखांची एफडी आहे.

तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं. माझ्या नावावर एकही एफडी नव्हती.

मी अमळनेरच्या एसटी आगारात मेकॅनिक होतो. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशातून तीन लाख पाच वर्षांसाठी ठेवायचे ठरवले आणि मे २०२४ मध्ये शाखेत गेलो. तिथे टेबलावर बसलेल्या तरुणानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपल्या अहिराणीतच बोलायला लागला. ‘‘आप्पा, हाई एफडीच शे. फक्त व्याज जास्त. काही चिंता करू नका.’’ बँकेच्या आत, बँकेच्या टेबलावर बसलेला माणूस बँकेचाच असणार, हे मी धरूनच चाललो. तो विमा कंपनीचा होता. त्यानं पेन्सिलीनं फुल्या केल्या तिथं तिथं मी सह्या केल्या. त्यातच खात्यातून दरवर्षी पैसे वळते करण्याचा फॉर्मही होता. पावती मागितली तर म्हणाला, ‘‘आता पावती नही येत, बाँड घर येई.’’

दोन-तीन दिवसांनी फोन आला. तेव्हा सखाराम महाराजांची यात्रा भरलेली होती. मी बोरी नदीच्या पात्रात नातवाला पाळण्यात बसवायला घेऊन गेलो होतो. चहूकडे भोंगे वाजत होते. पलीकडची बाई भराभर काहीतरी विचारत होती आणि मी हो, हो म्हणत होतो. ‘‘फोन ई, सगळाले हो म्हना, नहीतर फाइल अटकी,’’ हे त्या पोरानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या ‘हो’चं रेकॉर्डिंग पुढे माझ्याच विरोधात दाखवलं गेलं.

नंतर बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, आला. चाळीसेक पानं, सगळं इंग्रजी. सौ. म्हणाली, ‘‘हाऊ कागद बँकना नही दिखत.’’ मी तिचं ऐकलं नाही. पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवून दिला. तिथेच माझं खरं नुकसान झालं. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती नको म्हणून परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. ते ३० दिवस कपाटातच संपले.

वर्षानं भाच्यानं बाँड उघडून वाचला. दरवर्षी तीन लाख, दहा वर्षं. म्हणजे तीस लाख! माझी पेन्शन महिन्याला चार हजारसुद्धा नाही. बाँडच्या शेवटी आपण भरलेल्या फॉर्मची प्रत जोडलेली असते, ती जरूर बघा. माझ्या फॉर्मवर धंदा ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न बारा लाख लिहिलं होतं. फायद्याचा तक्ता दाखवणाऱ्या पानावर इंग्रजीत सही होती. मी आयुष्यभर मराठीत सही करत आलो; आगाराच्या हजेरीपटापासून पासबुकापर्यंत सगळीकडे तीच आहे.

शाखेत गेलो तर ‘‘कंपनीशी बोला, आमचा संबंध नाही’’ असं उत्तर. हे ऐकून परत फिरू नका. बँक त्या कंपनीची एजंट म्हणून पॉलिसी विकते आणि त्याचं कमिशन घेते. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली, त्यात पाच हक्क आहेत. ग्राहकाची गरज आणि ऐपत बघूनच त्याला योजना विकायची, हा त्यातलाच एक. निवृत्त मेकॅनिकला वर्षाला तीन लाखांचा हप्ता कुठल्या हिशोबानं झेपणार, हाच प्रश्न मी मराठीत लिहिला आणि अर्ज दिला. प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही. तसाच अर्ज विमा कंपनीलाही पाठवला.

बँकेचं उत्तर आलं, ‘ग्राहकाने स्वतः सही केली व फोनवर संमती दिली.’ मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. तिनं ती फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, की लोकपालाकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहून पाठवलं तरी चालतं. विचारायचं असेल तर १४४४८ हा नंबर आहे. विमा कंपनीविरुद्धची तक्रार आपल्या भागातून पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाते.

मला तारलं ते त्या इंग्रजी सहीनं आणि बारा लाखांच्या खोट्या आकड्यानं. दोन्ही पानांच्या झेरॉक्स आणि माझं पेन्शनचं पत्र जोडलं होतं. डिसेंबरमध्ये कंपनीनं पॉलिसी रद्द करून तीन लाख खात्यात जमा केले. दीड वर्षाचं व्याज बुडालं ते बुडालंच.

जी माणसं कापसाचे, केळीचे, ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन आता शाखेत जाणार आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. एफडीच्या पावतीवर व्याजाचा दर, मुदत संपायची तारीख आणि त्या दिवशी मिळणारी रक्कम असते, आणि नाव बँकेचं असतं. कागदावर ‘प्रीमियम’ हा शब्द दिसला तर पेन खाली ठेवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, ते या पॉलिसीला नाही. ‘पॉलिसी घ्या, मगच लॉकर देऊ, मगच कर्ज देऊ’ असं कोणी म्हटलं तर तेच लेखी मागा. तशी सक्ती करता येत नाही.

ते दोनदा कापलेले ५९० रुपये अजून परत आलेले नाहीत. त्यासाठी परवाच वेगळा अर्ज दिला आहे, शिक्का घेऊन.