"बँका बंद आहेत, कार्ड चालत नाही": श्रीलंकेच्या जहाजवारीत आमचे पैसे कसे गेले

लातूरला आमची बायकांची भिशी आहे, बावीस वर्षं झाली. हिशेबाची वही पहिल्या महिन्यापासून माझ्याकडे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे ते काम आपसूकच माझ्याकडे आलं. २०२३ च्या जूनमध्ये भिशीतली आम्ही चार जोडपी चेन्नईहून जहाजाने श्रीलंकेला निघालो, तेव्हाही सगळ्यांचे पैसे माझ्याच पर्समध्ये होते. म्हणून जे झालं ते माझ्या हातून झालं. आता आमच्याच कॉलनीतली दोन घरं त्याच वारीला निघाली आहेत आणि त्यांना सल्ला देणारा तिकिटांचा एजंटही आमचाच आहे. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरात झाली नाही, लातुरातच झाली. तिकिटं काढून देणारा एजंट ओळखीचा होता. पैशांचा विषय निघाला तसा तो म्हणाला, "वहिनी, तिकडं बँकाच बुडाल्यात. कार्ड घालाल तर आत अडकंल, कुणाला सांगणार? रोख न्या, डॉलर न्या." श्रीलंकेची बातमी आम्हा सगळ्यांना माहीत होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्या देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात घुसले आणि ते देश सोडून गेले. टीव्हीवर ते पाहिलेलं होतं.

आणि बँक बुडते म्हणजे काय होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. माझ्या धाकट्या बहिणीचे साडेचार लाख एका पतसंस्थेत अडकले आहेत. ऊस लावून, म्हैस पाळून साठवलेले. शटर ओढलेल्या त्या दारासमोर तिच्याबरोबर मी दोनदा उन्हात बसलेली आहे. त्यामुळे "बँका बुडाल्यात" हे शब्द कानावर पडले की आमच्या पोटात जे होतं ते आधीचंच असतं. एजंटने फक्त त्यावर बोट ठेवलं. आम्ही एकही प्रश्न विचारला नाही.

डॉलरही त्यानेच आणून दिले. आठशे डॉलर, ८९ रुपये भावाने, ७१,२०० रुपये रोख. पावती मागितली तर म्हणाला, "घरच्या माणसाला काय पावती." तेव्हा डॉलर ८२ च्या आसपास होता. म्हणजे लातूर सोडायच्या आधीच आमचे साडेपाच हजारांवर गेले होते. त्यातल्या शंभराच्या एका नोटेवर कुणीतरी निळा शिक्का मारलेला होता. ती नोट पुढे जहाजावरच्या काउंटरने घेतली नाही. परकीय चलन परवाना असलेल्या मनी चेंजरकडून किंवा बँकेतून घ्यायचं, पासपोर्ट दाखवून घ्यायचं, पावती सांभाळायची, आणि ५० हजार किंवा त्याहून जास्तीची रक्कम रोखीने भरायचीच नसते, हे सगळे साधे नियम मला परत आल्यावर कळले.

जहाजावर चढलो आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की इथे रोकड लागतच नाही. खोलीचं जे कार्ड देतात त्यावरच चहापासून फोटोपर्यंत सगळं मांडलं जातं. म्हणजे हे आठशे डॉलर फक्त किनाऱ्यावरच्या दोन दिवसांसाठी होते: रिक्षा, नारळ, देवळातली दक्षिणा, नातवंडांसाठी काहीतरी. आठ माणसांना दीडशे डॉलर फार झाले असते. उरलेलं ओझं मी पोटाशी धरून पाच दिवस फिरले. रात्री उशीखाली, दिवसा ओढणीखाली. हंबनटोटाच्या बंदरात उतरलो तेव्हा काही बघण्यात माझं लक्षच नव्हतं.

त्रिंकोमालीची मात्र सगळ्यांना ओढ होती. तिथे समुद्राच्या कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे. परळी, औंढा आणि वेरूळ या तिन्ही ठिकाणी वारंवार जाणारी आम्ही माणसं. लंकेतल्या शंकराला गेल्याशिवाय परतायचं नाही असं घरूनच ठरलेलं. जहाजाची सहल महाग वाटली म्हणून आम्ही आपापलं जायचं ठरवलं. चार वाजेपर्यंत परत यायचं होतं. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही, हे जहाजावर स्पष्ट सांगितलेलं होतं. त्या चार वाजण्याची भीती दिवसभर मानगुटीवर होती, आणि ती बाहेरच्या लोकांनाही चांगली ठाऊक असते.

त्या आठवड्यात श्रीलंकेत एक वेगळीच गोष्ट चालू होती. सरकारला देशांतर्गत कर्जाची फेररचना (म्हणजे देशातच घेतलेल्या कर्जाच्या परतफेडीच्या अटी बदलणं) जाहीर करायची होती, म्हणून ३० जूनला बँकांना खास सुट्टी दिली होती. २९ ला ईद, मग ती सुट्टी, शनिवार-रविवार आणि ३ जुलैला पौर्णिमेची सुट्टी, असे सलग पाच दिवस बँका बंद. ठेवी सुरक्षित आहेत असं तिथल्या मध्यवर्ती बँकेने सांगितलं होतं आणि एटीएम चालूच होती. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही पाहिलं ते एवढंच, की भर दुपारी बाजारातली बँक बंद आहे आणि दाराला सिंहली-तमिळमधला कागद चिकटवलेला आहे. बहिणीच्या पतसंस्थेच्या दारावर असाच कागद होता.

आमच्यातल्या एकीने तरी बाजूच्या एटीएममध्ये कार्ड घालून पाहिलं. पैसे आले नाहीत. आमचा तीनचाकीवाला हसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "बँक खलास, मॅडम. मशीन में पैसा नहीं. मेरा भाई देगा, अच्छा रेट." एजंटचं वाक्यच जणू समुद्र ओलांडून आमच्या आधी पोहोचलं होतं.

कार्ड का चाललं नाही ते नंतर पुण्याच्या भाच्याने सांगितलं. आपल्याकडे २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंदच ठेवलेला असतो, तो आपण ॲपमधून किंवा बँकेत जाऊन चालू करून घ्यायचा असतो. श्रीलंकेच्या दिवाळखोरीचा त्या कार्डाशी काही संबंध नव्हता. आमच्याच जहाजावरच्या कोईम्बतूरच्या एका जोडप्याने त्याच दिवशी त्याच एटीएममधून पैसे काढले होते. रात्री जेवताना त्यांच्याकडून हे ऐकलं तेव्हा घास खाली उतरेना.

तीनचाकीवाल्याचा तो "भाई" एका नारळाच्या दुकानामागे उभा होता. पांढरा शर्ट, हातात कॅल्क्युलेटर. बँक डॉलरला ३०० देते, मी ३४५ देतो, म्हणाला. हा भाव ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं, पण मला तो खरा वाटला, आणि त्याला कारण होतं. २०२२ च्या सुरुवातीला श्रीलंकेने आपला रुपया डॉलरला २०० च्या आसपास बांधून ठेवला होता. तेव्हा बाहेर खरंच जास्त भाव मिळायचा आणि पर्यटक तशी अदलाबदल करायचे, हे मी वाचलेलं होतं. पण मार्चमध्ये तो बंध सुटला, रुपया घसरून ३६० पर्यंत गेला, आणि बँकेच्या न् बाहेरच्या भावातलं अंतर मिटत गेलं. आम्ही गेलो तोवर तो सावरून ३०० च्या आसपास आला होता. बँकेपेक्षा ४५ रुपये जास्त द्यायला त्या माणसाकडे कोणतंही प्रामाणिक कारण नव्हतं. तो मला दीड वर्षापूर्वीची बातमी विकत होता.

मी दोनशे डॉलर दिले. ६९ हजार श्रीलंकन रुपये व्हायला हवे होते: ५,००० च्या तेरा आणि हजाराच्या चार नोटा. पुढचं नीट वाचा, कारण मोजलं तर फसत नाही असं मलाही वाटायचं.

त्याने गठ्ठा माझ्या हातात दिला आणि स्वतःच म्हणाला, "काउंट, काउंट." मी मोजला. ५,००० च्या बाराच नोटा. एक कमी आहे म्हणून सांगितलं. त्याने जीभ चावली, हात जोडले, गठ्ठा परत घेतला, माझ्या डोळ्यांदेखत खिशातून ५,००० ची एक नोट काढून वर ठेवली, गठ्ठा मधोमध दुमडून रबर लावलं. तेवढ्यात तीनचाकीवाला ओरडला, "पोलीस, पोलीस! अंदर रखो!" आणि त्या माणसाने गठ्ठा माझ्या पर्समध्ये कोंबला. मी चेन लावली. बाकीचे सात जण आधीच तीनचाकीकडे धावत होते. पोलीस कुठेच नव्हता.

चूक माझ्या नजरेला पडली, ती मी बोलून दाखवली, त्याने ती सुधारली. म्हणजे हिशेब पुरा झाला असं मन धरून चाललं. ती एक नोट त्याने मुद्दामच कमी ठेवली होती. गठ्ठा पुन्हा हातात घ्यायला त्याला कारण हवं होतं आणि ते मीच त्याला दिलं. तीस वर्षं मुलांना मी हेच सांगत आले होते की उत्तर काढल्यावर पुन्हा पहिल्यापासून ताळा करा.

देवळाकडे जाताना जुन्या किल्ल्यातून रस्ता जातो, तिथे ठिपक्यांची हरणं माणसांमधून मोकळी हिंडतात. पुढे कड्याच्या टोकाशी एका झाडाला लाकडी पाळणे टांगलेले आहेत, मूल व्हावं म्हणून बांधलेले. खाली निळा समुद्र. पोर्तुगिजांनी १६२२ मध्ये हे देऊळ पाडलं, नंतर ते पुन्हा उभं राहिलं. डोळे भरून आले होते. पूजेचं ताट घ्यायला मी पर्स उघडली आणि गठ्ठ्याचं रबर काढलं. वरच्या दोन नोटा सोनेरी, त्या ५,००० च्या. त्याखाली जांभळी. मला कळेना. ताटवाली तमिळ बाई पुढे वाकली, एकेक नोट बोटाने सरकवत "फाय हंड्रेड, फाय हंड्रेड" म्हणत गेली. दहा जांभळ्या नोटा ५०० च्या, शेवटी एक सोनेरी, आणि हजाराच्या चार. एकूण २४ हजार. ४५ हजार गेले होते, आपले साधारण बारा हजार रुपये.

तिने ताटाचे पैसे घेतले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी बोलली, मला समजलं नाही. त्या देशातल्या माणसांबद्दल माझ्या मनात जे आहे ते या बाईमुळे आहे. फसवणारा श्रीलंकेचा आहे म्हणून फसवत नव्हता. लातूरचा तरी कुठे वेगळा होता? त्या दोन वर्षांत तिथल्या साध्या माणसांनी किती सोसलं असेल, हे आम्ही दुष्काळातले लोक समजू शकतो.

तक्रार केली नाही. पावणेतीन वाजले होते, तीनचाकीवाला आम्हाला उतरवून निघून गेला होता, आणि परवाना नसलेल्या माणसाकडे पैसे बदलले म्हणून आम्हालाच धरतील ही भीती. जहाजावर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की तिथल्या पर्यटन विभागाचा १९१२ हा मदत क्रमांक आहे. तो आधी माहीत असता तर निदान फोन केला असता. आपल्या सरकारचा वाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट) हंबनटोटालाही आहे. जाफनालाही आहे. आम्हाला वाटायचं जे काही ते कोलंबोतच.

भाच्याने एक गोष्ट सांगितली ती इथे घालते. २०१५ मध्ये ग्रीसमध्ये असंच संकट आलं. तीन आठवडे बँका बंद होत्या आणि तिथल्या लोकांना एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो काढता यायचे. पण ती मर्यादा परदेशी कार्डांना नव्हती. मशीनमधल्या नोटा संपायच्या हे खरं, पण नियम पाहुण्यांसाठी वेगळा होता. संकटातल्या देशात निघालेल्या माणसाने हेच आधी विचारायचं: हे बंधन कुणावर आहे, आणि आजही आहे का? आम्ही हे कुणालाच विचारलं नाही. श्रीलंकेत २०२४ च्या फेब्रुवारीपासून आपलं यूपीआयसुद्धा सुरू झालं आहे. तरी आमचा एजंट अजून "रोखच न्या" सांगतो, परवाच शेजारच्यांना सांगितलं.

तुम्ही जाणार असाल तर थोडी रोकड जरूर ठेवा, पण एकाकडे सगळी देऊ नका. चार घरांची चार पाकिटं करा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं घ्या आणि निघायच्या आठवडाभर आधी परदेशातला वापर चालू करून घ्या. पैसे बदलायचे तर मध्यवर्ती बँकेचा परवाना भिंतीवर लावलेल्या दुकानात, काउंटरवर, आणि पावती घेऊन. गठ्ठा एकदा मोजून परत दिलात तर तो तुमचा राहिला नाही असं समजा. पुन्हा पहिल्यापासून, एकेक नोट उलगडून मोजा, मग बाहेर कुणी काहीही ओरडो.

लातूरला आल्यावर पहिल्या भिशीला मी ते बारा हजार वहीत माझ्या नावावर मांडले. मैत्रिणी नको म्हणत होत्या. तीन हप्त्यांत फेडले. एजंटकडेही गेले होते. डॉलरच्या भावाचं विचारलं तर म्हणाला, "तेव्हा तोच भाव होता, वहिनी."

त्या दहा जांभळ्या नोटांतल्या सहा आणि एक सोनेरी अजून माझ्याकडे आहेत. पुण्यातल्या दोन मनी चेंजरनी त्या घेतल्या नाहीत. मागच्या रविवारी शेजारचे दोघं नवराबायको आले होते, जहाजाचं विचारायला. मी त्या नोटा काढल्या, सोनेरी वर ठेवली, मधोमध दुमडून रबर लावलं आणि त्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, किती आहेत सांगा.