झेनरवाला सप्लाय: अख्खा उन्हाळा काढल्यावर

रावेरकडे केळीच्या ड्रिपला जो साधा टायमर लावलाय त्याचा सप्लाय झेनरचा आहे (झेनर म्हणजे व्होल्टेज एका ठराविक आकड्यावर धरून ठेवणारा डायोड), 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचा डीसी करणारा ब्रिज, कपॅसिटर, मग करंट आवरायला एक रेझिस्टर आणि 5.1 व्होल्ट 1 वॅटचा झेनर, बस. हिवाळाभर काही तक्रार नव्हती. ऐन मे महिन्यात बंद पडला, आणि मेमध्ये केळीचं पाणी चुकलं तर काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दुकानदार म्हणे झेनर उडाला, अख्खा बोर्ड बदलावा लागेल. दोन-तीन रुपयाच्या पार्टसाठी अख्खा बोर्ड कशाला भाऊ? पेटी उचलली आणि घरी आणली.

उघडून पाहतो तर झेनर ठणठणीत. जळला होता त्याच्या आधीचा रेझिस्टर. किती ओहमचा ते सांगणाऱ्या पट्ट्यांचे रंगही दिसत नव्हते इतका काळा, बोर्डावर 100 ओहम छापलेलं म्हणून कळलं, आणि खालचा बोर्ड पार तपकिरी पडलेला.

माझा सगळा राग या रेझिस्टरवर आहे. हिशोब बघा, 230 व्होल्टला कपॅसिटरवर साडेपंधराच्या आसपास येतात, त्यातून 5.1 वजा केले तर साडेदहा व्होल्ट रेझिस्टरवर, 100 ओहमला 105 मिलीअँपिअर, म्हणजे 1.1 वॅट. आणि बसवलाय 1 वॅटचा! आजूबाजूच्या मोटारी बंद झाल्या की लाईन 260 ला जाते, मग हाच आकडा 1.6 वॅट होतो. त्यात पत्र्याची बंद पेटी आणि आपल्याकडचं 45 अंशाचं ऊन. बरं, बोर्डाला लागतात फक्त 15 मिलीअँपिअर (रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, थेट 12 च्या लाईनवर आहे), बाकीचे सगळे झेनरमधून जमिनीत. बनवणाऱ्याने एवढाही हिशोब करू नये याची खरंच चीड येते.

330 ओहम 2 वॅटचा टाकला, बोर्डापासून थोडा वर उचलून. आता करंट 32 मिलीअँपिअर, उष्णता अर्धा वॅटच्याही आत. व्होल्टेज 170 पर्यंत पडलं तरी 18 मिलीअँपिअर मिळतात, म्हणजे बोर्डाचे 15 जाऊन झेनरला 3 उरतात, तेवढ्यावर तो व्होल्टेज थोडं खाली घेतो पण टायमर रिसेट होत नाही.

दुकानदाराचं ऐकून आधी मीसुद्धा झेनरच्या जागी 7805 (5 व्होल्ट कायम ठेवणारी तयार रेग्युलेटर आयसी) टाकणार होतो, आता गरज वाटत नाही. भर दुपारी पेटीला हात लागत नाही तेव्हाही मीटरवर 5 च्या जवळच दिसतं. पाच-साडेपाच व्होल्टच्या झेनरवर तापमानाचा फरक फारच कमी पडतो, 12 व्होल्टचा असता तर उन्हात वर सरकला असता.

फक्त मोबाईलवरून मोटार चालू करायची जीएसएम पेटी घेणार असाल तर त्यात झेनर चालायचा नाही. ते मॉड्यूल सिग्नल पाठवताना 2 अँपिअरपर्यंत झटका ओढतं, तिथे बक कन्व्हर्टरच (फार न तापता व्होल्टेज कमी करून जास्त करंट देणारं सर्किट) पाहिजे, आणि घेताना पेटी उघडून दाखवायला सांगा.